जुव्यावर मुक्कामाला जाताय? आधी तिथी बघा

दिवाळी सरली की वाचकांचे तेच प्रश्न येऊ लागतात. "आम्ही चौघं मित्र. बेटावर तंबू ठोकून दोन रात्री राहायचं आणि कयाकमधून मासे गरवायचे. परवानगी कुणाची लागते?" "बेट रिकामं असतं ना?" "पोहता येत नाही, चालेल का?" एकाने तर विचारलं, "भरतीची भीती समुद्रात. खाडीत कसली?" हा लेख मुख्यतः त्याच्यासाठी.

सगळ्या कोकणाविषयी एकदम लिहिलं तर कुणाच्याच उपयोगाचं होणार नाही, म्हणून एकच जागा घेतो. मालवण तालुक्यातली कालावल खाडी. गड नदी समुद्राला मिळते तिथे खोतजुवा, मसुरकरजुवा अशी लहान बेटं आहेत. खाडीतल्या अशा बेटाला आपल्याकडे 'जुवा' म्हणतात. गोव्यातल्या कुंभारजुव्याच्या नावातही तोच शब्द आहे. समुद्राच्या बाजूला तोंडवळी-तळाशीलची वाळूची लांब पट्टी आडवी असल्यामुळे आतलं पाणी एरवी शांत दिसतं. एरवी म्हणजे कधी, हे कळलं की निम्मी तयारी झाली.

आधी तिथी, मग तारीख

बहुतेक मंडळी जोडून आलेली सुट्टी बघतात आणि रेल्वेचं आरक्षण करून टाकतात. तुम्ही कॅलेंडरवर तारखेखाली बारीक अक्षरात छापलेली तिथी आधी बघा. कोळीवाड्यांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला हिशेब आहे: पंधरवड्यातल्या तिथीची पाऊणपट करा, भरतीची वेळ मिळते. षष्ठी असेल तर सहाची पाऊणपट साडेचार. म्हणजे पहाटे साडेचारच्या आसपास भरती, आणि साधारण साडेबारा तासांनी दुसरी. मध्ये सव्वासहा तासांनी ओहोटी. दर दिवशी वेळ पाऊण-एक तासाने पुढे सरकते.

हा हिशेब मुंबईकडे बऱ्यापैकी जुळतो. मालवणकडे भरती काहीशी लवकर येते आणि खाडीत जसजसं आत जावं तसतशी ती उशिरा पोचते. म्हणून त्यावर बेत आखा, पण निघण्याआधी भरती-ओहोटीचं छापील वेळापत्रक किंवा मोबाइलवरचं ॲप बघून वेळ पक्की करा.

कोणत्या तिथीला जावं?

- अमावास्या-पौर्णिमा आणि त्यानंतरचे दोन दिवस: उधाण. मालवणकडे पाणी दोन-अडीच मीटर चढतं-उतरतं, खाडीत ओढ जोराची आणि पाणी गढूळ. नवख्यांनी टाळावं.
- अष्टमी-नवमी: भांगाची भरती. ओढ सगळ्यात कमी. वल्हं मारायला शिकत असाल तर हेच दिवस. मासा मात्र आळसावलेला असतो, आणि भरदुपारी ओहोटी लागून चिखलाचे पट्टे उघडे पडतात.
- एकादशी-द्वादशी: माझी पसंती. सकाळी आठ-नऊच्या सुमारास भरती. उजाडताच निघालात तर चढतं पाणीच तुम्हाला खाडीत आत नेतं. पाणी थांबतं तेवढा वेळ गरवा आणि उतरत्या पाण्याबरोबर वारा सुटण्याआधी तंबूवर परत या. एकादशीला मासे धरायचे की नाही, हे घरच्यांशी तुमचं तुम्ही मिटवा.

हंगाम म्हणाल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी. मार्चनंतर दुपारचा वारा आणि ऊन, दोन्ही वाढतात. "मासेमारीबंदी यांत्रिक बोटींना असते, मग कयाकने पावसाळ्यात गेलो तर?" हा प्रश्नही येतो. जून-जुलैमधली ६१ दिवसांची बंदी यांत्रिक नौकांसाठी असते हे खरं. पण त्या दिवसांत गड नदी डोंगरातलं सगळं पाणी घेऊन खाली येत असते. बंदी लागू नाही म्हणून पाण्यात उतरायचं, यात शहाणपण कसलं?

रात्रीची भरती थोरली

माझा पहिला तंबू बुडाला तो डिसेंबरातल्या पौर्णिमेला. दिवसाची भरती कुठवर चढली ते मी नीट पाहिलं होतं. काटक्या, सुरूच्या सुया आणि शिंपल्यांची ओली रेघ वाळूवर स्पष्ट होती. तिच्या वर आठ पावलं मोजली आणि तंबू ठोकला. रात्री साडेअकराला पाठीखाली गार लागलं. दंव असेल म्हणून कूस बदलली, तर चप्पल तंबूतच तरंगत होती. सकाळी माडाला पाणी घालायला आलेल्या आजोबांनी माझ्या ओल्या पसाऱ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "झिला, दिवसाची भरती धाकटी, रातची थोरली. ठावक नाय तुका?"

मला ठाऊक नव्हतं. आपल्या किनाऱ्यावर दिवसातल्या दोन भरत्या सारख्या नसतात. पावसाळ्यात मोठी भरती दिवसा येते. म्हणून तर मुंबईत जुलैच्या दुपारी उधाणाचे इशारे देतात. हिवाळ्यात उलट, मोठी भरती रात्री. आणि आपण सुट्टीला जातो ते नेमके हिवाळ्यात. पाणी हातभरच जास्त चढतं, पण सपाट वाळूवर हातभर पाणी म्हणजे वीस-पंचवीस पावलं.

म्हणून जागा निवडताना दिवसाच्या ओल्या रेघेवर विसंबू नका. तिच्याही वर एक जुनी, वाळलेली, करड्या कचऱ्याची रेघ असते. तीही मागे टाकून, जिथे हिरवी वेल किंवा गवत धरलंय तिथे तंबू लावा. कयाकही तिथवर ओढून आणा आणि झाडाला बांधा. तंबू भिजला तर वाळतो. कयाक वाहून गेली तर तुम्ही बेटावर आणि होडी समुद्रात.

माडाखाली तंबू नको. नारळ पडतो तेव्हा आवाज देत नाही.

बेट कुणाचं?

रिकामं बेट ही शहरी कल्पना. जुव्यांवर घरं आहेत, माड आहेत, विहिरी आहेत, तुळशीवृंदावनं आहेत. तुम्हाला मोकळी वाटणारी जागा कुणाच्या तरी सातबाऱ्यावर असते. भरती-ओहोटीच्या मधला पट्टा सरकारी, पण तिथे तंबू लावून भागणार नाही हे वर सांगितलंच. कुठेही तंबू ठोकून राहण्याचा हक्क आपल्याकडे कायद्याने कुणाला दिलेला नाही. तेव्हा क्रम असा ठेवा:

१. जमीनमालकाला विचारा. जुव्यावरच्या कोणत्याही घरी जागेचं वर्णन केलंत तर मालक सापडतो, किंवा निदान मुंबईतल्या त्याच्या पुतण्याचा नंबर मिळतो.

२. ग्रामपंचायतीला आणि जवळच्या पोलीस ठाण्याला नावं, फोन नंबर आणि किती रात्री राहणार ते कळवा. आपल्या किनाऱ्यावर २००८ नंतर अनोळखी होडीकडे बारकाईने पाहिलं जातं. आधी कळवलेलं असलं की रात्री बॅटरी मारत कुणी उठवायला येत नाही.

३. कांदळवनात तंबू नाही, चूल नाही, फांदी तोडणं नाही. सरकारी कांदळवनांना राखीव वनाचं संरक्षण आहे आणि तोड हा गुन्हा आहे. वाळकी फांदीही तिथली उचलू नका.

४. समुद्राकडच्या वाळूवर रात्री शेकोटी आणि झगझगीत दिवे नकोत. हिवाळ्यात तिथे ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात. उजेड दिसला तर मादी परत फिरते, आणि पिल्लं पाण्याऐवजी दिव्याकडे चालू लागतात.

पाणी बरोबर न्या. माणशी दिवसाला चार लिटर धरा, रांधायचं वेगळं. जुव्यावरच्या विहिरींचं पाणी हिवाळा सरता सरता मचूळ होत जातं, आणि गोडं असतं तिथे ते जपून वापरतात. प्यायला कुणीही देईल. आंघोळीसाठी बादली मागू नका. एक वेळचं जेवण जमल्यास तिथल्याच एखाद्या घरी ठरवा आणि आदल्या दिवशी सांगा. अचानक पाचजण दारात उभे राहिलात तर नाही म्हणायला त्यांना संकोच वाटतो, आणि मग घरच्या माणसांच्या वाटणीचा मासा तुमच्या ताटात येतो.

कयाक: भाड्याने की विकत?

पहिल्या दोन खेपा भाड्याने. वर बसायची, सुमारे दहा-बारा फुटी, रुंद बुडाची कठीण प्लॅस्टिकची कयाक घ्या. आत पाय घालून बसायची नको, उलटली तर पाणी उपसत बसावं लागतं. हवेची कयाक रेल्वेतून नेता येते म्हणून लोक तिच्या मोहात पडतात. पण खाडीतल्या खडकांवर, जेट्टीच्या खांबांवर, कांदळाच्या मुळांवर कालवं चिकटलेली असतात. कालवाची कड ब्लेडसारखी. हवेची कयाक नुसती घासून गेली तरी बुडाला वीतभर चीर पडते. नेणारच असाल तर दुरुस्तीचा संच आणि पंप कयाकमध्येच ठेवा, तंबूत नाही. पायांत कायम बूट. कालवाने कापलेली जखम आठवडाभर चिघळते.

भाड्याने घेताना किंवा 'कॅम्पिंग पॅकेज' आरक्षित करताना हे विचारा:

- व्यवसायाची पर्यटन विभागाकडे नोंदणी आहे का? २०२१ च्या साहसी पर्यटन धोरणाने महाराष्ट्रात ती बंधनकारक केली आहे. नोंदणीचा कागद बघायला मागा. त्यात अपमान कसला?
- लाइफ जॅकेट प्रत्येकाच्या मापाचं आहे का? घालून, पट्टे आवळून, खांद्याला धरून वर ओढा. हनुवटीवर आलं तर ते मोठं होतंय.
- मदतीला बोट कुठून येणार, किती वेळात, आणि तिथे मोबाइलची रेंज आहे का?
- हवामानामुळे रद्द झालं तर पैसे किती परत? हे व्हॉट्सॲपवर लिहून घ्या. तोंडी "बघू आपण" म्हणजे काहीच नाही.

एका चालकाने मला तीन कयाकना दोनच लाइफ जॅकेटं दिली आणि "खाडी कंबरभर आहे" असं वर ऐकवलं. अशा वेळी पैसे भरलेत म्हणून पाण्यात उतरू नका. पावती, संदेश आणि साहित्याचे फोटो जपून ठेवा. सेवेतल्या त्रुटीबद्दल ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर फोन करता येतो. तिथे मिटलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. तक्रार दोन वर्षांच्या आत करायची असते, आणि सेवेसाठी मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क नाही. वकीलही सक्तीचा नाही.

कंबरभर खाडीबद्दल आणखी एक. वाळू काढून काढून कालावल खाडीच्या तळाला जागोजागी खड्डे झाले आहेत. गुडघाभर पाण्यातून चालता चालता पुढचं पाऊल डोक्याएवढ्या पाण्यात पडतं. कयाक ओढत चालायची वेळ आली तर कयाक धरूनच चाला, जॅकेट अंगावर असू द्या आणि वल्ह्याने पुढचा तळ चाचपत राहा. ओहोटीच्या चिखलात उतरू नका. मांडीपर्यंत रुतलेला पाय ओढून काढताना बूट तिथेच राहतो.

वारा

शाळेत खारे वारे आणि मतलई वारे पाठ केले होते, आठवतं? इथे ते खरोखर उपयोगी पडतात. पहाटे मतलई वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो. मंद आणि सुखद, आणि म्हणूनच फसवा. त्यात ओहोटी असली तर वारा आणि पाणी दोन्ही तुम्हाला एकाच दिशेला, खाडीच्या मुखाकडे नेतात, आणि वल्हं न मारताही होडी छान चाललीय असं वाटत राहतं. मुखावर वाळूचा बांध आहे. तिथे बाहेर जाणारं पाणी आणि आत येणाऱ्या लाटा भिडतात. कयाक आडवी झाली की संपलं. म्हणून ओहोटी चालू असताना मुखाकडच्या अंगाला मुळीच गरवू नका.

दहा-अकराच्या पुढे खारा वारा सुटतो आणि दुपारी चांगलाच चढतो. साधा नियम ठेवा: सकाळचं गरवणं दहाला बंद. संध्याकाळी पाणी आणि वारा दोन्ही मानवले तरच तासभर, तंबू नजरेच्या टप्प्यात ठेवून.

गरवताना

साहित्य थोडं न्या: सहा-सात फुटी एक गळकाठी, रीळ, दहा-बारा गऱ्या, वजनं, दोन-तीन कृत्रिम आमिषं, माशाचं तोंड धरायची पकड, पक्कड आणि सुरी. प्रत्येक वस्तू दोरीने कयाकला बांधलेली. पाण्यात पडलेली वस्तू धरायला वाकलेला माणूस हीच कयाक उलटण्याची सगळ्यात नेहमीची रीत. जिवंत कोळंबी आमिषाला मिळाली तर फारच उत्तम. ती मच्छीमारांकडून विकत घ्या, त्यांच्या जाळ्याजवळ घुटमळून गोळा करू नका. खुंटांवर लावलेल्या जाळ्यांपासून लांब राहा. गळ अडकला तर दोरा आपला कापायचा, जाळं नाही. ती त्यांची रोजी आहे.

नांगर टाकायचा तो पुढच्या किंवा मागच्या टोकाला, बाजूला कधीच नाही. ओढीत बाजूचा नांगर कयाकला खाली खेचतो. नांगराची दोरी एका झटक्यात सोडता यायला हवी.

खाडीत तांबोसा, जिताडा, बोय, शेंगाळा मिळतो. तांबोसा गळाला लागला की थेट कांदळाच्या मुळांकडे धावतो. पहिल्या दोन क्षणांत त्याला वळवलं नाही तर दोरा गेलाच समजा. शेंगाळ्याला हातात घेऊ नका. पाठीवरचा आणि दोन्ही कल्ल्यांमागचा काटा विषारी. पाखटाच्या शेपटीतही तसाच काटा. टोचलाच तर जखम धुऊन सोसवेल इतक्या गरम पाण्यात अर्धा-पाऊण तास बुडवून ठेवा, वेदना उतरतात. मग डॉक्टरकडे जा. पाण्याबाहेर फुगून चेंडूसारखा होणारा केंड खाऊ नका. त्याचं विष शिजवूनही जात नाही.

काय ठेवायचं, काय सोडायचं? तुम्ही चौघं असाल तर जेवणापुरते दोन मासे पुष्कळ. लहान सोडा, हे सगळे सांगतात. जिताड्याच्या बाबतीत मी मोठाही सोडा म्हणेन. हा मासा नर म्हणून वाढतो आणि वय झालं की मादी होतो. म्हणजे फोटोत शोभणारा भला थोरला जिताडा ही बहुधा अंड्यांवर येणारी मादी असते. तिला पाण्यातच ठेवून गरी काढा. अंडी धरलेली खेकडीणही परत.

कायद्याने काही प्राणी पूर्ण संरक्षित आहेत: समुद्री कासव, डॉल्फिन, पाणमांजर, समुद्रघोडा, करवत मासा, जायंट ग्रूपर. गळाला लागलाच तर दोरा कापून लगेच सोडा, फोटोसाठी होडीत घेऊ नका. आणि कालावलहून निघून मालवणला किल्ल्याजवळ गरवायचा मोह झाला तर थांबा. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचा पट्टा १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे.

"हेच चिपळूणला केलं तर?" वाशिष्ठीत मगरी आहेत. महाडच्या सावित्रीत आहेत, कुंभारजुव्याच्या खाडीतही आहेत. तिथे बोटीतून मगरी बघा. पाण्याच्या पातळीला बसून गरवू नका.

पोहता येत नसेल तर

जा, पण जोडीच्या कयाकमध्ये, पोहणाऱ्या माणसाबरोबर, आणि पहिला अर्धा तास किनाऱ्याजवळ कमरेएवढ्या पाण्यात मुद्दाम कयाक उलटवून परत चढायचा सराव करून. लाजू नका. मी अजूनही दर हंगामाच्या सुरुवातीला एकदा उलटवून बघतो. या सरावात जो चढू शकला नाही, त्याने त्या खेपेला काठावरून गरवावं.

अडचण आली तर

- सर्वसाधारण आपत्कालीन क्रमांक ११२. तटरक्षक दलाचा शोध-बचाव क्रमांक १५५४. सागरी पोलिसांसाठी १०९३.
- कयाक उलटली तर ती सोडू नका. दुरून माणसाचं डोकं दिसत नाही, रंगीत कयाक दिसते. शिट्टी जॅकेटलाच बांधलेली असू द्या, आणि फोन जलरोधक पिशवीत, गळ्यात.
- फुरसं आणि घोणस कोकणात सगळीकडे. फुरसं पालापाचोळ्यात, दगडाआड असतं. रात्री तंबूबाहेर पडताना बॅटरी आणि बूट हवेतच, आणि बूट झटकूनच घाला. दंश झालाच तर कापू नका, चोखू नका, घट्ट आवळून बांधू नका. अवयव हलू न देता सरळ सरकारी रुग्णालय गाठा. म्हणून रात्री होडीने पलीकडे सोडेल अशा एका माणसाचा नंबर पहिल्याच दिवशी घेऊन ठेवा.

परतीचा दिवस

दोन रात्री राहिलात की भरतीची वेळ दीड-एक तासाने पुढे गेलेली असते, आणि जाताना जिथे कयाक आरामात टेकली तिथे परत येताना चिखल लागतो. उतरायची जेट्टी ओहोटीलाही चालेल अशी आहे का, ते आधीच विचारून ठेवा. कचरा सगळा परत, तुटलेला दोरा तर पहिला. तो पाणमांजराच्या पायात आणि बगळ्याच्या चोचीत अडकतो. रीळ आणि गऱ्या गोड्या पाण्याने धुवा, पण ते जुव्यावर नाही, मालवणला किंवा घरी पोचल्यावर. हवेची कयाक नेली असेल तर ती वाळवायला निदान दोन तास हाताशी ठेवा. ओली घडी करून कुडाळहून रात्रीच्या गाडीत बर्थखाली सरकवलीत तर पनवेल येईपर्यंत अख्खा डबा तुम्हाला ओळखू लागतो.